पिण्याच्या नळातील गुलाबी द्रव : मोटारहोम, गोठणारे पाणी आणि दोन ग्लायकोलांची कहाणी

१/
ऑक्टोबर सरत आला की अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत आणि कॅनडात अंगणात उभ्या असलेल्या मोटारहोममध्ये एक ठरलेला विधी पार पडतो. पाण्याची टाकी रिकामी होते, गीझर रिकामा होतो, आणि ज्या नळातून उन्हाळाभर पिण्याचे पाणी आले त्याच नळातून गुलाबी द्रव वाहू लागतो. तो दिसला की नळ बंद करतात आणि गाडी वसंतापर्यंत झाकून ठेवतात.

२/
हा द्रव म्हणजे अँटिफ्रीझ. आपल्याकडील गॅरेजांत ज्याला सरसकट ‘कूलंट’ म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद. मात्र इंजिनातील नेहमीचा कूलंट पोटात गेला तर प्राण घेतो, आणि हा गुलाबी द्रव पिण्याच्या नळांत सहा महिने निर्धोकपणे राहतो. दोहोंच्या नावांतही फरक इवलासाच : एक इथिलीन ग्लायकोल, दुसरा प्रोपिलीन ग्लायकोल. हा फरक माणसाला कसा कळत गेला, त्याचा हा थ्रेड.

३/
आरंभ पाण्यापासून. बहुतेक पदार्थ थिजताना आक्रसतात, पाणी फुगते. ४ अंश सेल्सिअसला ते सर्वांत दाट असते आणि बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. फ्रीझरमध्ये विसरलेली पाण्याची काचेची बाटली तडकते ती यामुळेच.

४/
या बळाचा सर्वांत नाट्यमय प्रयोग १७८४-८५ च्या हिवाळ्यात क्वेबेकमध्ये झाला. ब्रिटिश तोफखान्यातील एडवर्ड विल्यम्स या अधिकाऱ्याने लोखंडी पोकळ तोफगोळे पाण्याने भरले, तोंडाशी लोखंडी बूच ठोकले आणि गोळे रात्रीच्या थंडीत ठेवून दिले. काही बुचे उडून कित्येक फूट दूर जाऊन पडली. जेथे बूच हलले नाही, तेथे गोळाच उकलला आणि भेगेतून बर्फाची कड बाहेर आली. दारूचा कणही न वापरता तोफगोळा फुटला होता.

५/
नळ मात्र जेथे बर्फ धरतो तेथेच फुटतो असे नाही. बर्फाचा खडा नळात बुचासारखा बसतो, वाढत जातो आणि पुढचे पाणी बंद तोटीच्या दिशेने रेटतो. त्या कोंडलेल्या पाण्याचा दाब नळाला फाडतो. इलिनॉय विद्यापीठात १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत असे आढळले, की बाहेरचे तापमान उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले की उघड्यावरील नळांचा धोका एकदम वाढतो.

६/
आणि फुटलेला नळ हिवाळ्यात काहीच बोलत नाही. भेगेत बर्फच असतो. तो वितळतो मार्च-एप्रिलमध्ये. मालक पंप सुरू करतो आणि फळीच्या आड पाणी झिरपू लागते.

७/
या संकटाने मोटारीला मात्र तिच्यात नळ येण्याच्या कितीतरी आधी गाठले. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींची इंजिने बहुधा साध्या पाण्यानेच थंड राखली जात. थंड प्रदेशांतील फोर्ड ‘मॉडेल टी’चे मालक रात्री रेडिएटरमधील पाणी काढून टाकत आणि सकाळी गरम पाणी भरत. कित्येक जण पहिला बर्फ पडताच गाडी ठोकळ्यांवर चढवून कोठारात ठेवत आणि पुन्हा घोडा जुंपत.

८/
रोज पाणी काढण्याला कंटाळलेल्यांनी त्यात नाना पदार्थ मिसळून पाहिले. मीठ आणि कॅल्शियम क्लोराइड धातू खाऊन टाकत. मध आणि ग्लिसरीन थंडीत घट्ट होत. अल्कोहोल स्वस्त होते, पण ते पाण्याआधी उकळते. गाडी तापली की थोडे उडून जाई आणि उरले किती, हे मालकाला कळत नसे. (यातील ग्लिसरीन ध्यानात ठेवावे. पुढे ते मुंबईत भेटणार आहे.)

९/
अल्कोहोलला आणखी एक फाटा होता. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. कारखान्यांना आणि रेडिएटरना लागणारे अल्कोहोल कायद्याने चालू होते; ते कोणी पिऊ नये म्हणून त्यात मिथाइल अल्कोहोलसारखी विषे मिसळण्याची सक्ती सरकारने केली आणि १९२६-२७ च्या सुमारास ती अधिक कडक केली. लोकांनी ते तरीही प्यायले. कोणी दृष्टी गमावली, कोणी प्राण. रेडिएटरमधील द्रव आणि माणसाचे पोट यांची ही पहिली मोठी गाठ.

१०/
त्याच सुमारास अल्कोहोलचा उत्तराधिकारी बाजारात येत होता. शार्ल-अदोल्फ व्युर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने इथिलीन ग्लायकोल १८५६ मध्ये प्रथम सिद्ध केले होते. पुढची साठ वर्षे त्याला फारसे गिऱ्हाईक नव्हते. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ग्लिसरीनची टंचाई भासली, तेव्हा स्फोटकांसाठी ते कामी आले. १९२७ मध्ये युनियन कार्बाइडच्या छत्राखालील नॅशनल कार्बन कंपनीने ‘प्रेस्टोन’ या नावाने त्याचे अँटिफ्रीझ विकायला काढले.

११/
मोटारीच्या दृष्टीने हा द्रव उत्तम होता. १९७ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यामुळे उडून जात नाही. पाण्यात निम्मेनिम्म मिसळला तर मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसची ‘मर्लिन’ विमान-इंजिने ग्लायकोल मिसळलेल्या पाण्यावरच थंड राहत होती.

१२/
दोष एकच, आणि तो जिभेला कळत नाही. इथिलीन ग्लायकोल गोड लागते. यकृतात त्याचे रूपांतर होत होत अखेर ऑक्झॅलिक आम्ल बनते, ते रक्तातील कॅल्शियमशी जुळते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडांत रुततात. प्रौढ माणसाला साधारण १०० मिलिलिटर पुरतात. मुलाला आणि कुत्र्याला त्याहून कितीतरी कमी. उतारा म्हणून डॉक्टर दीर्घकाळ अल्कोहोलच देत, कारण यकृतातील तेच विकर अल्कोहोलमध्ये गुंतले की ग्लायकोलचे विष बनणे थांबते. १९२० च्या दशकात ज्याला रेडिएटरमधून हुसकले, तेच रुग्णालयात उतारा म्हणून परतले.

१३/
इंजिनाचे पाणी कोणी पीत नाही, म्हणून या दोषाची तेव्हा फार चिंता झाली नाही. ती चिंता एका वेगळ्याच दालनातून, औषधांच्या कपाटातून, पुढे आली.

१४/
१९३७. ‘सल्फानिलामाइड’ हे जंतुसंसर्गावरील नवे औषध अमेरिकेत गाजत होते, पण ते गोळ्यांत आणि भुकटीत मिळे. मुलांना देता यावे म्हणून ते पातळ रूपात हवे होते आणि पाण्यात ते नीट विरघळत नव्हते. टेनेसीतील एस. ई. मॅसेंगिल कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने, हॅरॉल्ड वॉटकिन्सने, ते डायइथिलीन ग्लायकोलमध्ये विरघळवले. हे इथिलीन ग्लायकोलचे सख्खे भावंड, तितकेच गोड आणि तितकेच घातक. त्यात रास्पबेरीचा स्वाद घातला. कंपनीने चव, रंग आणि वास तपासला. ते प्राण्याला पाजून पाहिले नाही. तसे करण्याची कायद्याची सक्तीही नव्हती.

१५/
सप्टेंबरात औषध बाजारात आले. ऑक्टोबरात ओक्लाहोमातील तुल्सा शहरातून मृत्यूंच्या वार्ता येऊ लागल्या. लघवी बंद होणे, पोटात असह्य कळा, आणि मग मृत्यू. एकूण १०५ माणसे दगावली; त्यांत ३४ मुले होती.

१६/
अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे जवळजवळ सगळे निरीक्षक गावोगावी बाटल्या शोधत फिरले. तयार झालेल्या २४० गॅलनांपैकी सुमारे २३४ गॅलन त्यांनी परत मिळवले. उरलेल्या सहा गॅलनांनी हा संहार केला होता. आणि जप्तीचा कायदेशीर आधार कोणता? बाटलीवर ‘एलिक्सिर’ असे लिहिले होते आणि एलिक्सिरमध्ये अल्कोहोल असावे लागते. यात ते नव्हते. म्हणजे गुन्हा ठरला खोट्या नावाचा. त्या औषधाने माणसे मेली, ही बाब तत्कालीन कायद्याच्या दृष्टीने जप्तीचे कारणच नव्हती.

१७/
आपली लहान मुलगी गमावलेल्या तुल्सातील एका आईने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिले. २५ जून १९३८ रोजी नव्या अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यावर त्यांची स्वाक्षरी झाली. नवे औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचे दाखवणे आता कंपनीचे काम झाले.

१८/
त्या द्रावाची विषबाधा शिकागो विद्यापीठात ज्या संशोधकांनी प्राण्यांवर तपासली, त्यांत फ्रान्सिस केल्सी ही तरुण विद्यार्थिनी होती. थॅलिडोमाइडला १९६० नंतर अमेरिकेत मंजुरी नाकारणाऱ्या त्या ह्याच. तो विषय स्वतंत्र थ्रेडचा आहे.

१९/
येथे मुंबई येते. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकोल होते. ग्लिसरीन हे औषध. पण औद्योगिक दर्जाचे आणि औषधी दर्जाचे ग्लिसरीन डोळ्यांना, नाकाला, जिभेला सारखेच. फरक केवळ चाचणीत दिसतो आणि ती चाचणी झाली नव्हती. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीतील प्रत्येक कडी उघडी केली. महाराष्ट्राच्या प्रशासकीय इतिहासातील हा एक मोलाचा दस्तऐवज असूनही आज तो फारसा वाचला जात नाही.

२०/
आता पुन्हा चाकांवरील घराकडे. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल शल्यचिकित्सकाने हौसेखातर घोड्यांचे फिरते घर बांधून घेतले आणि ते ब्रिटनभर हिंडवले. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीची ‘टूरिंग लँडो’ आली. तिची मागची आसने बिछाना होत, चालकाच्या आसनामागून हात धुण्याचे भांडे उलगडे आणि शौचासाठी भांडे होते. नळांचे जाळे या गाड्यांत नव्हते, म्हणून गोठण्याजोगेही फारसे काही नव्हते.

२१/
१९१९ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे ‘टिन कॅन टूरिस्ट’ ही भटक्या मोटारवाल्यांची संघटना जन्मली. रेडिएटरच्या झाकणावर डाकलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण. पाणी बादलीत आणि पिंपात. हिवाळ्यावरचा त्यांचा उपाय सर्वांत जुना होता : थंडी पडली की दक्षिणेला निघून जायचे. पक्षीही हेच करतात, आणि म्हणूनच अमेरिकेत अशा प्रवाशांना आजही ‘स्नोबर्ड’ म्हणतात.

२२/
बादलीची जागा नळाने घेतली तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. १९३६ मध्ये वॉली बायम यांच्या ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ या ओढगाडीत विजेचे दिवे होते आणि स्वतःचा पाणीसाठाही. महायुद्धानंतर या घरांत स्नानगृह आले, गॅसवरील गीझर आला, विजेचा पंप आला. १९६६ मध्ये आयोवातील फॉरेस्ट सिटी येथे विनेबागो कंपनीने मोटारहोम कारखान्यातील साखळी पद्धतीने बांधायला घेतली आणि श्रीमंतांची ही चैन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

२३/
गंमत अशी, की हा उद्योग वाढला तो ऐन थंडीच्या मुलखात. आयोवा काय किंवा या धंद्याची राजधानी मानले जाणारे इंडियानातील एल्कहार्ट काय, दोन्हीकडे हिवाळा हाडे गोठवणारा.

२४/
घराच्या भिंती जाड असतात आणि आत माणूस राहतो, म्हणून नळांना ऊब मिळते. मोटारहोमच्या भिंती पातळ, नळ बरेचदा जमिनीखालच्या पोकळीत, आणि हिवाळ्यात आत कोणीही नाही. शिवाय नळ वळणावळणाने नेलेले असतात. टाकीची तोटी उघडली तरी प्रत्येक खोलगट वळणात, पंपाच्या पोटात आणि मोरीखालच्या ट्रॅपमध्ये थोडे पाणी उरतेच. नुकसान करायला तेवढे पुरते.

२५/
मोटारहोम ही एका सांगाड्यावर उभी असलेली दोन यंत्रे आहेत : पुढे इंजिन, मागे घर. दोहोंना पाणी लागते, दोहोंचे पाणी गोठते. पुढच्या पाण्यात विष चालते, मागच्या पाण्यात चालत नाही. गॅरेजच्या फडताळावर मात्र दोन्ही अँटिफ्रीझ शेजारी-शेजारी उभी असतात.

२६/
मागच्या नळांसाठी जे द्रव पुढे आले, तेही व्युर्त्झच्याच प्रयोगशाळेतले. १८५९ मध्ये त्याने प्रोपिलीन ग्लायकोल सिद्ध केले होते. रेणूत एक कार्बन आणि दोन हायड्रोजन अधिक, एवढाच फरक. पण शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होत नाही. लॅक्टिक आम्ल होते, जे आपले स्नायू रोजच तयार करतात. १९३० च्या दशकात ग्लायकोलांची प्राण्यांवर तुलना झाली तेव्हा हे वेगळेपण स्पष्ट दिसले. पुढे ते औषधांत आणि खाद्यस्वादांत रुळले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला खाद्यपदार्थांत सामान्यतः सुरक्षित मानले आहे.

२७/
तुल्सातील मृत्यूंमुळेच मोटारहोममध्ये गुलाबी द्रव आला, अशी सरळ रेघ ओढणे इतिहासाला धरून होणार नाही. पण बाटलीवर ‘विषारी नाही’ असे छापायचे तर ते आधी कोणीतरी तपासलेले असावे लागते, ही अपेक्षा त्या घटनेने रुजवली, एवढे निश्चित म्हणता येते. अँटिफ्रीझ म्हणून प्रोपिलीन ग्लायकोल खरे तर दुय्यम आहे. ते थंडीत अधिक घट्ट होते आणि त्याच मात्रेत पाण्याचा गोठणबिंदू इथिलीन ग्लायकोलइतका खाली नेत नाही. पिण्याच्या नळासाठी त्याची निवड गुणापेक्षा निर्धोकपणामुळे झाली.

२८/
आजची पद्धत अशी. प्रथम टाकी, सर्वांत खालच्या तोट्या आणि गीझर रिकामा करायचा. गीझर आधी थंड होऊ द्यायचा, नाहीतर उकळते पाणी अंगावर येते. मग गीझर ‘बायपास’ करायचा, म्हणजे त्याच्याकडे जाणारी वाट व्हॉल्व्हने बंद करून पाणी बाजूने वळवायचे. हे विसरले तर वीसेक लिटर गुलाबी द्रव नुसता गीझर भरण्यातच जातो. मग पंपाची शोषनळी थेट बाटलीत घालायची आणि एकेक नळ उघडायचा : गरम, थंड, शॉवर, संडास, बाहेरचा शॉवर. प्रत्येकातून गुलाबी रंग येईपर्यंत. शेवटी मोऱ्यांच्या ट्रॅपमध्ये पेलाभर ओतायचे.

२९/
काही जण द्रव टाळून दाबाची हवा फुंकतात. पद्धत जुनी आहे आणि चालतेही, पण हवा सोपी वाट धरते आणि खळग्यातले पाणी तेथेच राहते. दाब जास्त झाला तर सांधे सुटतात. अमेरिकेतील अनुभवी मंडळी दोन्ही करतात.

३०/
बाटलीवरील आकडाही नीट वाचावा लागतो. ‘उणे ५० अंश फॅरनहाइट’ (उणे ४६ सेल्सिअस) ही बहुधा नळ फुटण्यापासून संरक्षणाची मर्यादा असते, गोठण्याची नव्हे. द्रव त्याच्या कितीतरी आधी बर्फाच्या गोळ्यासारखा भुसभुशीत होतो. भुसभुशीत गोळा सरकतो, दाब साठू देत नाही. म्हणून नळ वाचतो. पण उरलेल्या पाण्याने तो पातळ झाला तर हा हिशेब कोलमडतो. गुलाबी रंग फिकट न राहता गडद होईपर्यंत नळ उघडा ठेवायचा, तो यासाठी.

३१/
आणि चुकीची बाटली उचलली तर? १९८७ मध्ये नॉर्थ डकोटातील एका ग्रामीण अग्निशमन केंद्रात सहल होती. मुलांसाठी भुकटीचे सरबत कालवले. त्यासाठी ज्या तोटीचे पाणी घेतले ती इमारत उबदार ठेवणाऱ्या यंत्रणेजवळची होती आणि त्या यंत्रणेच्या पाण्यात इथिलीन ग्लायकोल होते. सरबत गोड असतेच. कोणाला शंका आली नाही. मुले सुस्तावली, त्यांचा तोल जाऊ लागला. तेथे कोणी विष कालवले नव्हते. दोन नळजाळी एकमेकांना जोडली गेली होती, इतकेच.

३२/
म्हणून गोडवा मारण्याचा उपाय आला. डिनाटोनियम बेंझोएट हा अतिकडू पदार्थ १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये सापडला. इथिलीन ग्लायकोलच्या अँटिफ्रीझमध्ये तो घालण्याचे कायदे अमेरिकेतील काही राज्यांनी केले, आणि २०१२ मध्ये उत्पादकांनी तो देशभर घालण्याचे मान्य केले.

३३/
रंगावर मात्र विसंबता येत नाही. एकेकाळी इंजिनाचे अँटिफ्रीझ हिरवे आणि नळाचे गुलाबी अशी सोयीची वाटणी होती. आता काही मोटार कंपन्यांचा इंजिन-कूलंटही गुलाबी असतो. शिवाय मोटारहोमसाठीच्या काही स्वस्त बाटल्यांत अल्कोहोलही असते आणि ते ज्वालाग्राही असते. अमेरिकेत वा कॅनडात राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांनी अलीकडे अशी गाडी घेतली असेल, त्यांनी झाकणाचा रंग सोडून मागची बारीक अक्षरे वाचावीत : प्रोपिलीन ग्लायकोल, आणि पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी योग्य असल्याचा स्पष्ट उल्लेख.

३४/
वसंतात हाच क्रम उलटा चालतो. टाकी ताज्या पाण्याने भरून सगळे नळ उघडतात. आधी गुलाबी, मग फिकट, मग स्वच्छ पाणी येते. त्यानंतर टाकीत दर १५ गॅलनांना पाव कप साधे ब्लीच घालून ते पाणी नळांतून फिरवतात, काही तास तसेच ठेवतात आणि वास जाईपर्यंत धुऊन काढतात. मग गीझरचा बायपास उघडतात. गीझर पाण्याने पूर्ण भरल्याखेरीज त्याचा गॅस पेटवायचा नाही.